ज्युनियर युरोव्हिजनसाठी मुलीचे नाव द्यावे का? स्पर्धेचे खरे स्वरूप समजून घ्यायचे आहे

मध्यमसप्तक (आम्स्टेलवेन, नेदरलँड्स) यांचा प्रश्न:

नमस्कार. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. ती येथील डच शाळेत शिकते आणि पुण्यातील गुरूंकडे दर आठवड्याला ऑनलाइन शास्त्रीय गायन शिकते. घरात मराठी, वर्गात डच आणि मैत्रिणींमध्ये निम्मे इंग्रजी असा तिचा दिवस असतो. भूप, दुर्गा आणि यमन या रागांतील बंदिशी ती नीट म्हणते, आणि गणेशोत्सवात येथील मंडळाच्या कार्यक्रमात तिचे एखादे भावगीत ठरलेलेच असते. आता शाळेतील मैत्रिणींकडून तिला ‘ज्युनियर सॉन्गफेस्टिव्हल’ची, म्हणजे ज्युनियर युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या मुलांच्या गीतस्पर्धेसाठी नेदरलँड्सचा स्पर्धक निवडणाऱ्या कार्यक्रमाची माहिती मिळाली असून, आपण अर्ज करावा असा विषय तिने स्वतःच घरात काढला आहे.

आम्हा दोघांनाही हा प्रकार जवळून माहीत नाही. मुलांची दूरचित्रवाणीवरील गाण्याची स्पर्धा म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर २००८-०९ चे झी मराठीवरील ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ आणि त्यातील पंचरत्ने येतात. त्या पर्वाने महाराष्ट्रातील कितीतरी घरांत मुलांना गाण्याच्या शिकवणीला घातले, हे आम्ही पाहिले आहे. ज्युनियर युरोव्हिजनचे गेल्या काही वर्षांचे अंतिम सोहळे आता यूट्यूबवर पाहिल्यावर मात्र हे काहीतरी निराळे आहे असे वाटते, आणि नेमके काय निराळे आहे ते आम्हाला सांगता येत नाही.

तेथे मुलाच्या गळ्याची पारख होते की अन्य कशाची? शास्त्रीय गायनाच्या तयारीचा तिला उपयोग होईल, की त्या रंगमंचावर ती तयारी उलट अडचणीची ठरेल? शिवाय इतक्या लहान वयात संपूर्ण देशाचे प्रतिनिधित्व आणि मतदान यांचा मुलांवर ताण येतो का, आणि येत असल्यास आयोजकांनी त्यावर काय उपाय केले आहेत? ज्यांनी ही स्पर्धा बारकाईने पाहिली आहे किंवा मुलांच्या गायनशिक्षणाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कोयनाकाठ (लाईडेन, नेदरलँड्स) यांचे उत्तर:

ताई, तुम्हाला जाणवलेला वेगळेपणा खरा आहे, आणि अर्ज करण्यापूर्वी तो मुलीलाही समजावून सांगायला हवा. लिटल चॅम्प्समध्ये मुले नावाजलेली, लोकांच्या कानांत बसलेली गाणी गात असत आणि परीक्षक त्यांच्या गळ्याचे, सुराचे व भावाचे मूल्यमापन करीत. ज्युनियर युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देश एक नवीन, पूर्वी प्रसिद्ध न झालेले गाणे घेऊन येतो आणि गुण मिळतात ते त्या गाण्याला, त्याच्या सादरीकरणासह. मूल उत्तम गायले पण गाणे फिके असले, तर त्या देशाला वरचा क्रमांक मिळत नाही. उलट साधारण गळ्याच्या मुलांनी एखादी भन्नाट कल्पना रंगवून बाजी मारल्याची उदाहरणे आहेत. २००८ मध्ये सायप्रसमधील लिमासोल येथे जॉर्जियाच्या बझिकेबी या तीन मुलांच्या गटाने मधमाश्यांचा वेष करून, कोणत्याही खऱ्या भाषेतील नसलेल्या गुणगुणत्या अक्षरांचे गाणे म्हटले आणि ते पहिले आले. ती फीत मुलीला जरूर दाखवा. या स्पर्धेत काय चालते, हे तिला कोणत्याही नियमावलीपेक्षा त्यातून लवकर कळेल.

स्पर्धेची पार्श्वभूमीही थोडी सांगतो. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीने २००० मध्ये मुलांसाठी गीतस्पर्धा सुरू केली. २००२ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून ती घेतली, आणि पुढच्याच वर्षी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या सार्वजनिक प्रसारकांच्या संघटनेने ती कल्पना उचलली. १५ नोव्हेंबर २००३ रोजी कोपनहेगनमध्ये पहिली ज्युनियर युरोव्हिजन झाली. त्यात १६ देश होते आणि क्रोएशियाचा डिनो येलुसिच जिंकला. नेदरलँड्स त्या पहिल्या वर्षापासून सातत्याने भाग घेत आला आहे, त्यामुळे येथील निवडप्रक्रिया मुरलेली आहे, ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू समजा. या देशाला आजवर एकदाच, २००९ मध्ये कीव येथे, राल्फ माकेनबाखमुळे पहिला क्रमांक मिळाला. त्याचे गाणे मुख्यतः डचमध्ये होते. गाण्याच्या मध्यावर तो टॅप नृत्य करतो, बुटांच्या टाचांचा ठेका हाच गाण्याचा ताल होऊन जातो, आणि नृत्य संपताच तो त्याच दमात पुढची ओळ उचलतो. आर्मेनिया आणि रशिया या दोघांना ११६ गुण होते, त्याला १२१.

येथे देशाचे प्रतिनिधित्व प्रत्यक्षात त्या देशाची सार्वजनिक वाहिनी करते, आणि नेदरलँड्समध्ये ही जबाबदारी आव्ह्रोट्रोस या संस्थेकडे आहे. कोणते मूल निवडायचे, त्याच्यासाठी गाणे कोणी रचायचे, रंगमंच कसा सजवायचा, या सर्व बाबतींत शेवटचा शब्द वाहिनीचा असतो. सुरुवातीच्या वर्षांत गाणी मुलांनीच रचावीत यावर भर होता. पुढे प्रौढ गीतकार व संगीतकारांना वाव मिळाला, आणि आज बहुतेक गाण्यांमागे व्यावसायिकांचा चमू असतो. मला व्यक्तिशः हा बदल खटकतो. मुलांनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांत एक ओबडधोबड खरेपणा असे, तो अलीकडे क्वचित ऐकू येतो. मात्र तुमच्या मुलीने स्वतः रचलेले गाणे घेऊन जावे अशी अपेक्षा आज नाही, हे तुम्हाला माहीत असावे.

मतदानाबद्दलही तुम्ही विचारले आहे. २०१७ पासून निम्मे गुण देशोदेशींच्या परीक्षक मंडळांकडून येतात, ज्यांत संगीतातील जाणकारांबरोबर मुलेही असतात, आणि निम्मे प्रेक्षकांच्या ऑनलाइन मतांतून. प्रेक्षकाला किमान तीन देशांना मत द्यावे लागते, त्यात स्वतःचा देशही चालतो. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. येथे ती मुभा ठेवून आणि एकापेक्षा अधिक देश निवडायला लावून एक प्रकारचा समतोल साधला आहे. परीक्षक आणि प्रेक्षक यांचा कौल नेहमी जुळतोच असे नाही. २०२२ मध्ये येरेवानला ब्रिटनच्या फ्रेया स्काय हिला ऑनलाइन मतांत सर्वाधिक पसंती मिळाली, तरी एकूण गुणांत ती पाचवी आली आणि फ्रान्सचा लिसांद्रो जिंकला. कधीकधी तर सारे एका गुणावर येऊन ठेपते: २००७ मध्ये रोटरडॅमला बेलारूसने आर्मेनियावर १३७ विरुद्ध १३६ अशी मात केली, आणि २०१० मध्ये मिन्स्कला त्याच आर्मेनियाने रशियाला १२० विरुद्ध ११९ असे मागे टाकले. एका गुणाने हरणे म्हणजे काय, हे अकरा वर्षांच्या मुलीला आधी समजावून ठेवणे शक्य नसते. पण तुम्हा आईवडिलांना ते ठाऊक असलेले बरे.

वयाचे म्हणाल, तर सध्या अंतिम सोहळ्याच्या दिवशी मूल ९ ते १४ वर्षांचे असावे लागते. पूर्वी ही मर्यादा ८ ते १५ होती. २००७ मध्ये खालची मर्यादा १० केली गेली आणि २०१६ मध्ये सध्याची ठरली. तुमच्या मुलीला त्यामुळे याच वर्षी घाई करण्याचे कारण नाही.

तानपुरा (पुणे) यांचे उत्तर:

मी मुलांना गायन शिकवते, त्यामुळे प्रश्नाच्या त्याच भागापुरते लिहिते. शास्त्रीय गायनाच्या तयारीचा उपयोग होतो का, याचे उत्तर होय असेच आहे, परंतु तो उपयोग आपण समजतो त्या ठिकाणी होत नाही.

मुख्य आवाज रंगमंचावर प्रत्यक्ष गायला जावा, ही या स्पर्धेची अट आहे. साथीचे संगीत आधी ध्वनिमुद्रित केलेले असते. म्हणजे मुलाला कानातील यंत्रातून संगीत ऐकत, हजारो माणसांच्या गोंगाटात, स्वतःचा सूर स्वतःच सांभाळायचा असतो. येथे तानपुऱ्यावर षड्ज लावून रोज बसलेल्या मुलाला निश्चित लाभ होतो, कारण बाहेरचा आधार क्षीण झाला तरी त्याचा सूर हलत नाही. ही फार मोठी शिदोरी आहे, आणि ती तुमच्या मुलीकडे आहे. पण गाणे फार तर तीन मिनिटांचे. बंदिशीत आपण स्थायी भरतो, सम दाखवतो, आलापाने वातावरण उभे करतो. तेथे पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत ऐकणाऱ्याला पकडावे लागते आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात गाणे टिपेला न्यावे लागते. स्वर हळूहळू उलगडत नेण्याची सवय असलेल्या मुलांना ही घाई सुरुवातीला जाचते. त्यावर रियाजाने मात करता येते, मात्र तो रियाज वेगळा असतो, आणि सध्याच्या गुरूंना विश्वासात घेऊनच तो करावा.

मला अधिक काळजी वाटते ती पट्टीची आणि जोराची. या स्पर्धेत गेल्या काही वर्षांत गाजलेली अनेक गाणी छातीतून, पूर्ण ताकदीने, चढ्या स्वरांत गायली जाणारी आहेत. माल्टाची गाया काउची २०१३ मध्ये आणि डेस्टिनी चुकुन्येरे २०१५ मध्ये अशीच भरघोस आवाजाची गाणी गाऊन जिंकल्या, आणि त्या दोघींचे ऐकताना मलाही थक्क व्हायला होते. परंतु ते पाहून घरी अनुकरण करणारी मुले गळा ओढून, शिरा ताणून गातात, ते मी शिकवणीत वारंवार पाहते. मूल काळी चार किंवा पांढरी पाच या पट्टीत मोकळे गात असेल आणि तार सप्तकातील मध्यमापुढे हनुवटी वर उचलू लागले, खांदे ताठ करू लागले, तर तो स्वर अजून त्याचा झालेला नाही असे समजावे. माझी एक विद्यार्थिनी ध्वनिमुद्रणासाठी ‘अजून एक सूर वर’ असा आग्रह झाल्यावर प्रत्येक उचलीच्या आधी डावी मूठ आवळू लागली होती. पट्टी एका सुराने उतरवल्यावर ती मूठ आपोआप सुटली आणि आवाजातील गोडवाही परतला. वाहिनीचे संगीतकार गाणे बांधतील तेव्हा पट्टी मुलीच्या सोयीची आहे ना, हे पाहण्याचा आणि नसल्यास तसे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

वयाची मर्यादा ९ ते १४ अशी असल्याने आणखी एक बाब लक्षात घ्यावी. हाच आवाज बदलण्याचा काळ. मुलांचा आवाज फुटतो तेव्हा पट्टी खूप खाली उतरते, हे सर्वांना माहीत असते. मुलींचा आवाजही या वयात बदलतो, फक्त तो बदल हळू होतो. मध्येच आवाजात हवा मिसळल्यासारखी वाटते, कधी एकच स्वर दोन दिवस दोन तऱ्हांनी लागतो. वसंत ऋतूत निवड झालेले मूल हिवाळ्यातील अंतिम सोहळ्यापर्यंत त्याच आवाजाचे राहील याची खात्री कोणताही शिक्षक देऊ शकत नाही. त्या काळात तास-दोन तास तालीम आणि वर नृत्य असा दिनक्रम असल्यास गळ्याला विश्रांतीचे दिवस ठरवूनच द्यावे लागतात.

नृत्याचा विषय निघालाच आहे, तर राल्फच्या ज्या गाण्याचे वर्णन वर आले आहे त्याची फीत मी विद्यार्थ्यांना श्वासासाठी दाखवीन. टॅप संपल्यावर पुढची ओळ उचलण्याआधी तो नेमका कोठे श्वास घेतो ते पाहावे. जागेवर बसून गाणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट कोणी शिकवलेली नसते. दोरीच्या उड्या मारून लगेच सरगम म्हणायला लावले की ती हळूहळू अंगवळणी पडते.

उत्तरवारा (ओस्लो, नॉर्वे) यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरांत पुष्कळ माहिती आहे, पण ताणाविषयीचा प्रश्न बाजूलाच राहिला आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. ज्या देशांनी ही कल्पना जन्माला घातली त्यांपैकी डेन्मार्क आणि नॉर्वे हे दोन देश २००५ नंतर ज्युनियर युरोव्हिजनमधून बाहेर पडले. मुलांवर पडणारा दबाव आणि स्पर्धेला येत चाललेले मोठ्यांसारखे रूप त्यांना पटत नव्हते. २००४ मध्ये लिलेहामर येथे नॉर्वेने स्वतः ही स्पर्धा भरवली होती, म्हणजे आतून पाहूनच त्यांनी हा निर्णय घेतला असे म्हणायला हरकत नाही. त्यानंतर या देशांनी स्वीडनसह पुन्हा आपली छोटी नॉर्डिक स्पर्धा २००६ पासून घेतली.

येथे नॉर्वेत मुलांची गीतस्पर्धा अजूनही लोकप्रिय आहे आणि मुले आपली गाणी स्वतः लिहितात. २०१२ मध्ये ती जिंकलेले मार्कुस आणि मार्टिनुस हे जुळे भाऊ आज सर्वांना ठाऊक आहेत; २०२४ मध्ये माल्मो येथे त्यांनी मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये स्वीडनचे प्रतिनिधित्व केले. आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत ते कधी उतरले नाहीत आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. माझ्या मुलाच्या वर्गातील मुलेही शाळेच्या सभागृहात स्वतः लिहिलेली गाणी म्हणतात. कुत्र्याबद्दल, हरवलेल्या हातमोज्याबद्दल, घटस्फोट झालेल्या आईवडिलांच्या दोन घरांबद्दल. त्या गाण्यांना यमक नसते, चाल मध्येच सुटते, तरी सभागृहातील एकही पालक इकडेतिकडे पाहत नाही.

आयोजकांनी ताण कमी करण्यासाठी काहीच केले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. २००५ पासून पुढे अनेक वर्षे प्रत्येक देशाला सुरुवातीलाच १२ गुण देण्याची पद्धत होती, त्यामुळे कोणाच्याही वाट्याला शून्य येत नसे. सर्व स्पर्धक मिळून एक सामूहिक गाणे गातात आणि त्याची तालीम एकत्र होते. २०१६ मध्ये व्हॅलेटा येथे प्रथमच सोहळा शनिवारी रात्रीऐवजी रविवारी दुपारी घेतला गेला. या सुधारणा चांगल्या आहेत. तरीही गुण जाहीर होताना कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यांवरच रोखलेला असतो आणि एखाद्या देशाचे नाव सतत वगळले जात असताना त्या मुलाला हसत राहावे लागते, हे दृश्य मला आजही पाहवत नाही. मोठ्या माणसाला आपण म्हणू शकतो की ही वाट तू स्वतः निवडलीस. नऊ वर्षांच्या मुलाला तसे म्हणता येणार नाही. २००६ मध्ये बुखारेस्टला जिंकलेल्या रशियाच्या तोलमाचोव्ह जुळ्या बहिणी नऊ वर्षांच्या होत्या. पुढे २०१४ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्या मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहातून त्यांना हुर्यो ऐकावी लागली. ती हुर्यो त्यांच्या देशाच्या राजकारणासाठी होती, पण ऐकून घ्यावी लागली त्या दोन मुलींना. देशाचे नाव गळ्यात घातले की अशाही गोष्टी सोबत येतात, याचा विचार व्हावा.

माझे मत स्पष्ट आहे: राष्ट्रीय निवडीपर्यंत जाऊ द्यावे, तेथे तिला भरपूर शिकायला मिळेल, आंतरराष्ट्रीय टप्पा आला तर त्या वेळी मुलीला पुन्हा एकदा, कोणी ऐकत नसताना, विचारावे. आणि तिने नाही म्हटले तर ते मानण्याची तयारी आत्तापासून ठेवावी.

मध्यमसप्तक यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. तानपुराताईंचे पट्टीबद्दलचे म्हणणे मी आमच्या गुरूंना वाचून दाखवले आणि त्यांना ते तंतोतंत पटले. बझिकेबी आणि राल्फ यांच्या फिती मुलीने पाहिल्या. मधमाश्या तिला फारच आवडल्या.

आता एक शंका भाषेविषयी. तिला डच चांगले येते, पण तिचे गाणे मनात उमटते ते मराठीत किंवा सरगमीत. गाण्यात थोडी सरगम किंवा मराठीची एखादी ओळ घालता येते का, आणि नियम त्याबद्दल काय सांगतात?

डब्लिनकर (डब्लिन, आयर्लंड) यांचे उत्तर:

भाषेचा नियम हाच या स्पर्धेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये १९९९ पासून कोणत्याही भाषेत गाता येते आणि त्यामुळे बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. मुलांच्या स्पर्धेत मात्र गाणे प्रामुख्याने देशाच्या अधिकृत भाषेत असावे लागते. सध्या साधारण ६० टक्के भाग त्या भाषेत आणि उरलेला ४० टक्क्यांपर्यंतचा भाग इंग्रजीत किंवा अन्य भाषेत चालतो. माल्टाची अधिकृत भाषा इंग्रजीही असल्याने तेथील मुले पूर्ण इंग्रजीत गाऊ शकतात, आणि त्यांना त्याचा फायदा होतो अशी कुरबुर नेहमी ऐकू येते. पण नियमाचा दुसरा परिणाम पाहा. अर्मेनियन, जॉर्जियन, पोलिश या भाषांतील गाणी इतर देशांतील मुले अर्थ न कळता पाठ करतात. जॉर्जियाने २००८, २०११, २०१६ आणि २०२४ मध्ये ही स्पर्धा जिंकली, आणि त्या छोट्या देशाच्या भाषेचा नाद माझ्या मुलांच्या कानांत बसला तो एवढ्या एकाच कारणाने.

आयर्लंडचे उदाहरण तर आम्ही घरात अनुभवतो. येथे २०१५ पासून या स्पर्धेत भाग घेणारी वाहिनी म्हणजे टीजी४, जी आयरिश भाषेसाठीच चालवली जाते. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या या देशातील मुले ज्युनियर युरोव्हिजनमध्ये आयरिशमध्ये गातात. शाळेत आयरिश सक्तीची असल्यामुळे कंटाळणारी मुले या गाण्यांच्या ओळी मात्र बसमध्ये गुणगुणतात. २०२२ मध्ये सोफी लेनन आयरिश गाणे गाऊन चौथी आली, तेव्हा आमच्या शेजारच्या घरातील आजोबांनी, ज्यांची आयरिश शाळेनंतर सुटली होती, शब्दांचा अर्थ नातीला विचारून घेतला. वेल्सनेही २०१८ आणि २०१९ मध्ये एस४सी या वाहिनीतर्फे वेल्श भाषेतील गाणी पाठवली. पहिल्या वर्षी मिन्स्कला त्यांचे गाणे शेवटच्या, म्हणजे विसाव्या क्रमांकावर राहिले, तरी पुढच्या वर्षी ग्लिव्हित्सेला ते पुन्हा आले आणि पुन्हा वेल्शमध्येच गायले. मला त्या दुसऱ्या वर्षाचा फार आदर वाटतो.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की गाण्याचा मोठा हिस्सा डचमध्ये असल्यास सरगमीच्या एका आवर्तनाला किंवा मराठीच्या एखाद्या ओळीला नियमाची आडकाठी नसावी. अडचण आलीच तर ती निर्मात्यांच्या पसंतीची असेल. येथे मी एक सावधगिरी सुचवतो. भारतीय वंशाची मुलगी म्हटले की सितार, तबला आणि झगमगीत ओढणी अशी सजावट सुचवणारे लोक भेटतील. सरगम जर तिच्या मनातून आली असेल तर ती राहू द्यावी, आणि कोणी बाहेरून चिकटवत असेल तर मुलीला नाही म्हणायला शिकवावे. सरगम गाण्याच्या चालीतून फुटली की ऐकणाऱ्याला भाषा आडवी येत नाही. ती शोभेसाठी घातली की लगेच उघडी पडते.

कोयनाकाठ यांचे उत्तर:

उत्तरवारा यांच्या मुद्द्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी एका बाबतीत भर घालतो. स्पर्धेनंतर मुलांचे काय होते, याचे चित्र एकसारखे नाही. डेस्टिनी २०२१ मध्ये रोटरडॅमला मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये माल्टासाठी गायली आणि सातवी आली. सर्बियाची नेव्हेना बोझोविच २००७ मध्ये ज्युनियर स्पर्धेत तिसरी आली होती. ती २०१३ मध्ये एका गटातून आणि २०१९ मध्ये एकटी मोठ्या रंगमंचावर परतली. डिनो येलुसिच रॉक संगीताकडे वळला आणि २०२१ मध्ये व्हाइटस्नेक या नामांकित ब्रिटिश बँडमध्ये दाखल झाला. पुष्कळ मुले मात्र पुढे गाण्याच्या क्षेत्रात राहिली नाहीत आणि अभ्यासाला लागली, आणि त्यात काही गमावले असे मानण्याचे कारण नाही. २००९ चे यश मिळाले नसते तरी राल्फला टॅप येतच होते.

आता नेदरलँड्समधील व्यवहाराच्या बाजू. येथे तेरा वर्षांखालील मुलाला दूरचित्रवाणीच्या अशा कार्यक्रमात काम करायचे असल्यास कामगार निरीक्षणालयाकडून त्यासाठी आगाऊ सवलत-परवाना मिळवावा लागतो आणि ती जबाबदारी निर्मात्याची असते. मुलाने दिवसाला किती वेळ काम करावे, मधली विश्रांती किती असावी, यावर त्यात बंधने येतात. निवड झालीच तर तो परवाना तुम्हाला दाखवावा असे लेखी मागा. तो मागितल्याने कोणी नाराज होत नाही. शाळेच्या बाबतीतही येथील सक्तीच्या शिक्षणाचा कायदा कडक असल्याने चित्रीकरणासाठी मुख्याध्यापकांची रजा लागते, आणि ती तोंडी न घेता लेखी घ्यावी. करारात ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे जातात आणि किती काळासाठी, हे कलम सहीपूर्वी एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या. मुले सही करीत नाहीत, तुम्ही करता.

गटाने किंवा जोडीने भाग घेण्याचीही सोय येथे आहे. २०२३ मध्ये नीसला गेलेले सेप आणि यास्मिन हे जोडीनेच गायले होते. तुमच्या मुलीला ज्या मैत्रिणींनी ही स्पर्धा सांगितली त्यांपैकी कोणी गात असेल, तर दोघींनी मिळून अर्ज करण्याचा विचार करून पाहावा. पडद्यामागे वाट पाहण्याच्या लांबलचक वेळात जोडीदार असणे, हे या वयात शिक्षकाच्या सल्ल्याइतकेच उपयोगाचे असते. अर्जासाठी पाठवायची चित्रफीत मंडळाच्या कार्यक्रमातली न घेता घरी, साध्या उजेडात, साथीशिवाय गातानाची घ्या. सभागृहातील टाळ्या आणि ध्वनिवर्धकाचा घुमारा यांत गळा झाकला जातो. तिची भूपाची बंदिश पाठवायची की डच गाणे, हे ठरवताना तिचे गुरू आणि ती स्वतः काय म्हणते ते मात्र येथे अवश्य कळवा.